जांघेतली कळ अंगावर काढू नका

गळीत हंगाम आटोपला की आपल्यातले पुष्कळ सभासद सहकुटुंब गणपतीपुळ्याला जातात. तिथून जवळच मालगुंड, कवी केशवसुतांचे जन्मगाव. १८६६ साली जन्मलेला हा कवी १९०५ साली हुबळीला प्लेगने गेला. चाळिशीही गाठली नव्हती. त्या काळी जांघेत गाठ आली नि ताप भरला की घरात रडारड सुरू होई. १९९४ साली बीड जिल्ह्यात गाठीचा प्लेग पुन्हा दिसला, पण आता वेळेवर औषध मिळाले तर रोगी वाचतो.

ती भीती गेली, लाज मात्र तशीच आहे. गुडघा दुखला तर गडी पारावर सांगतो, जांघ दुखली तर बायकोलाही सांगत नाही.

पायात उसाचा सड घुसला, जखम चिघळली की जांघेत अवधाण येते. जखमेवर उपचार झाले की ते बसते. ताप वाढला, गाठ पिकू लागली किंवा हटेना, तर दाखवावे.

मोळ्या, खताची पोती उचलणारांनी अंतर्गळ, म्हणजे हर्निया, ओळखून ठेवावा. पोटाच्या भिंतीची कमकुवत जागा फाकते नि आतडे तिथून पुढे येते. उभे राहिल्यावर, खोकल्यावर जांघेत फुगवटा दिसतो, आडवे झाले की आत जातो. दुखत नाही म्हणून लोक पट्टा बांधून वर्षे काढतात. पट्ट्याने भोक बुजत नाही; त्याला शस्त्रक्रियाच लागते. कधी आतडे बाहेरच अडकते. मग फुगवटा कडक होतो, उलट्या होतात, वारा सरत नाही. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

मुतखड्याची तऱ्हा निराळी. खडा मूत्रनळीत अडकतो वर, आणि कळ कमरेतून उतरून जांघेत, अंडापर्यंत येते, कारण तिथल्या शिरांचे धागे एकमेकांत गुंतलेले. माणूस गडबडा लोळतो. उन्हात दिवसभर कोयता चालवून पाणी कमी पिणारांना हा त्रास जास्त.

आणि ती बेंबी! बेंबीपाशी दुखले की 'बेंबी सरकली' म्हणून चोळणारीण बोलावतात. अहो, अपेंडिक्सचे दुखणे पुष्कळदा बेंबीपाशीच सुरू होते आणि काही तासांनी उजव्या ओटीपोटात उतरते. त्यावर चोळणे म्हणजे घातच.

घरात वयात आलेली मुले असतील त्यांनी हे जरूर वाचावे. अंडाला पीळ पडला की एकाएकी जबर कळ येते, मळमळते. पोरगा लाजून नुसते 'पोट दुखतंय' म्हणतो. रक्त तुटल्यामुळे साधारण सहा तासांत पीळ सोडवला तर अंड वाचण्याची आशा चांगली; पुढे ती झपाट्याने घटते.

याखेरीज लघवीच्या मार्गाचा जंतुदोष, प्रोस्टेटची सूज, खुब्याचा सांधा झिजणे, कमरेत शीर दबणे यांनीही जांघ दुखते. अंडात न दुखणारी कडक गाठ लागली तरी दाखवावी, ती कर्करोगाचीही असू शकते.

डॉक्टरांना कळ कुठे सुरू झाली, कुठे सरकली, लघवी लाल झाली का, सारे मोकळेपणी सांगावे. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी यांतून बरेच उमगते. रात्री गाडी नसली तर १०८ वर फोन करावा.