स्पीकरची सावड

आमच्या घरात स्पीकरची एकच जोडी आहे. सहा इंची, आठ ओहमचे दोन नग, प्लायच्या खोक्यात बसवलेले. खोकी १९८९ साली श्रीरामपूरच्या एका सुताराकडून करून घेतली, तेव्हा त्याने ‘एवढ्याशा कपाटात ठेवणार काय?’ असं विचारलं होतं. या जोडीवर हक्क सांगणारे तिघं. सकाळी सौ.ला आकाशवाणीचं नगर केंद्र लागतं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण एसटीत तिकीट काढताना आमच्या तोंडून अजून ‘दोन नगर’च निघतं.) संध्याकाळी टीव्ही. आणि नात सुट्टीला आली की तिचा मोबाईल.

नवे स्पीकर घ्या, असं मुलगा म्हणतो. पण आवाजाला खोकं लागतं. हल्लीचा टीव्ही भिंतीवरच्या कॅलेंडरएवढा पातळ, त्यातल्या स्पीकरला मागेपुढे हलायला जागाच नाही; तबल्याचा डग्गा त्यात डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो. माझी जुनी खोकी डग्गा डग्ग्यासारखा वाजवतात. तेव्हा जोडी एक आणि धनी तीन, हे ठरलंच. आमच्याकडे सावडीची बैलजोडी असते, तसं. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. एकाच वेळी दोन नांगरांना ती कोणी जुंपत नाही.

वायरींच्या बाबतीत मात्र लोक नेमकं तेच करतात. टीव्हीच्या अँप्लिफायरची वायर, रेडिओच्या अँप्लिफायरची वायर, दोन्ही पिळून स्पीकरला जोडायच्या आणि जो हवा तो चालू करायचा. हे का चालत नाही, ते मी कारखान्यात शिकलो.

साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यात माझी नोकरी झाली. गळीत हंगामात बगॅसवर बॉयलर, बॉयलरच्या वाफेवर टर्बाइन आणि टर्बाइनवर जनरेटर. दोन जनरेटर एका बसबारवर घ्यायचे असले की अख्खी शिफ्ट श्वास रोखून सिंक्रोस्कोपकडे बघत असे. दोघांचं व्होल्टेज जुळायला हवं, फ्रिक्वेन्सी जुळायला हवी, आणि काटा संथ फिरत बरोबर बाराच्या ठिकाणी आला की ब्रेकर मारायचा. चुकलं तर मशिन हादरतं. आता दोन अँप्लिफायरचं हे असं कधी जुळेल? एकातून अभंग निघतोय, दुसऱ्यातून मॅचची कॉमेंट्री. एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो. वर अडचण अशी की स्पीकर आठ ओहम अडवतो, पण अँप्लिफायर आतून बघितला तर एका ओहमच्या बारीकशा अंशाएवढाच अडवतो. करंटला सोपी वाट शेजाऱ्याच्या पोटातून. शेजारी बंद असला तरी वाट मोडत नाही. त्याचे पार्ट तिथेच असतात.

म्हणून हवा चेंजओव्हर. मंगल कार्यालयात जनरेटरच्या शेजारी मोठा दांडा असतो बघा: वर केला की एमएसईबी, खाली केला की जनरेटर, आणि मधे काहीच नाही. २००५-०६च्या भारनियमनात हा दांडा पोराटोरांनाही पाठ झाला होता. मधल्या ‘काहीच नाही’तच सगळं शहाणपण आहे. आधी जुनं सुटलं पाहिजे, मगच नवं लागलं पाहिजे.

हे तोंडपाठ असलेल्या माणसाने स्पीकरसाठी चेंजओव्हरचा पहिला डबा केला तेव्हा काय केलं, तेही सांगतो.

पुण्याला तपकीर गल्लीतून एक गोल स्विच आणला होता, रेडिओवाले ज्याला बँडस्विच म्हणतात तो. खाकी चकती, कडेने पितळी पाय, मधे दांडी. तेव्हा घरात टू-एन ३०५५ ट्रान्झिस्टरचा हाताने जोडलेला अँप्लिफायर होता आणि टेपडेकचा एक. मुलाने बटण फिरवलं, ते दोन घरांच्या मधेच अडकलं. दोन्ही अँप्लिफायर चालू. स्पीकरमधून कागद फाटल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ जळका वास. ट्रान्झिस्टरची जोडी गेली. स्विच उघडून भिंगाखाली धरला तर फिरणारी पितळी जीभ एवढी रुंद, की पहिला पाय सोडायच्या आधीच दुसऱ्याला टेकत होती.

असे स्विच मुद्दाम बनवतात. पॅनलवरचा अँमीटर सिलेक्टर तसाच असतो. करंट ट्रान्सफॉर्मरची वायर चालू लोडवर उघडी पडली तर तिथे जीवघेणं व्होल्टेज चढतं, म्हणून तो स्विच आधी नवं जोडतो आणि मग जुनं सोडतो. हे मी पोरांना शिकवत होतो! घरी आल्यावर मात्र डोकं कारखान्याच्या गेटवर जमा करून आलो असणार. विकत घेताना म्हणूनच विचारायचं, ‘ब्रेक बिफोर मेक’ आहे का? दुकानदार नुसताच बघत राहिला तर तिथेच मल्टीमीटर बीपवर ठेवून, प्रोब शेजारशेजारच्या दोन पायांना लावून बटण सावकाश फिरवायचं. मधे बीप वाजता कामा नये.

दुसरा फटका बऱ्याच वर्षांनी बसला. पहिल्या स्विचऐवजी दुसरा लावला, पण मी नुसत्या लाल वायरी बदलत होतो. काळ्या सगळ्या एकत्र बांधलेल्या. जुन्या अँप्लिफायरना ते चालायचं, कारण त्यांची काळी वायर म्हणजे सप्लायचा मायनसच. मग नातीसाठी ब्लूटूथचा छोटा क्लास-डी बोर्ड आणला. तो आणि माझा एलए-४४४० आयसीचा अँप्लिफायर, दोन्ही इन्व्हर्टरच्या एकाच बारा व्होल्टच्या बॅटरीवर. बोर्ड चालू केला, आणि दिवा लागायच्या आत धूर.

या बोर्डाच्या स्पीकरला जाणाऱ्या दोन्ही वायरी ‘जिवंत’ असतात. याला ब्रिज म्हणतात: दोन अँप्लिफायर स्पीकरच्या दोन टोकांना धरून उलटसुलट ढकलतात, म्हणून कमी व्होल्टेजवर जास्त आवाज मिळतो. माझ्या काळ्या जुडग्याने त्यातलं एक टोक सरळ बॅटरीच्या मायनसला नेऊन भिडवलं होतं. ओळखायची युक्ती सोपी. स्पीकर काढून ठेवा, मीटर डीसीवर घ्या, काळा प्रोब सप्लायच्या मायनसला आणि लाल प्रोब एकेका स्पीकर टर्मिनलला. दोन्हीकडे सहाच्या आसपास व्होल्ट दिसले, म्हणजे बाराच्या निम्मे, तर तो ब्रिज. पण ओळखत बसण्यापेक्षा लाल-काळ्या दोन्ही वायरी तोडाव्यात हे बरं.

हिशोब असा. दोन स्पीकर, प्रत्येकी दोन वायरी, म्हणजे चार पोल. धनी तीन, म्हणजे तीन वे. काउंटरवर म्हणायचं, ‘फोर पोल थ्री वे, विथ ऑफ.’ रेडिओतला नाजूक नको. आठ ओहमच्या स्पीकरला वीस वॅट द्यायचे तर दीड अँपिअरच्या वर करंट जातो. त्या पितळी पायांना तो सोसत नाही, वर्षभरात ते काळे पडतात आणि आवाजात खरखर येते. मी पॅनलवरचा कॅमचा रोटरी स्विच घेतला, सोळा अँपिअरचा. दीड अँपिअरला तो म्हणजे डास मारायला मुसळ, पण फिरवला की ‘खटाक’ होतो आणि कधी मधे अडकत नाही.

डबा जीआय पत्र्याचा, वायर २३/७६ची, म्हणजे आत तेवीस बारीक तारा. प्रत्येक टोकाला लग आणि नंबराचं फेरूल. सोळा टोकं आहेत. बारा येणारी, चार जाणारी. नंबर नसले तर चौथ्या वायरीला माणूस हरतो.

जोडणी झाल्यावर नातीने पेन्सिल सेल घेतला. ‘आबा, करंट लागेल का?’ दीड व्होल्टने काही होत नाही म्हटल्यावर तिने सेलची दोन टोकं स्पीकरच्या वायरींना टेकवली आणि दुसऱ्या हाताचं बोट कागदी कोनवर हलकेच ठेवलं. टक्. कोन बाहेर आला. सेलच्या प्लसला लागलेली वायर ती स्पीकरची प्लस. दुसऱ्या खोक्याचा कोन त्याच रंगाने आत गेला. पस्तीस वर्षं माझा एक स्पीकर उलटा जोडलेला होता. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि मी डग्गा कमी पडतो म्हणून प्लायला दोष देत होतो.

ज्यांच्या स्पीकरला स्वतःची मेनची पिन असते, कॉम्प्युटरचे असतात तसे, त्यांनी यातलं काहीच करू नये. त्यांचा अँप्लिफायर आतच असतो. बारीक जॅकची वायर बदलणारा साधा स्विच पुरतो. वाय-केबल उलटी लावून दोन उपकरणं एकत्र तेवढी करू नका. आणि कुणाकडे आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असेल तर त्याला माझा डबा चालणार नाही. चालू असताना स्पीकर सुटला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

डब्याच्या तोंडावर एक, दोन, तीन असे आकडे मी पंचने मारले होते. महिन्याभरात सौ.ने त्यावर चिकटपट्ट्या लावल्या: रेडिओ, टीव्ही, पोरगी. शून्यावरही एक पट्टी आहे. दुपारी जेवणं झाली की ती स्वतः उठून बटण तिथे आणते. पट्टीवर लिहिलंय, ‘गप्प.’