कंठापासून ओठांपर्यंत: अरबी अक्षरांची ओळख

अरबी मजकूर पहिल्यांदा पाहणाऱ्याला अक्षर कुठे सुरू झाले आणि कुठे संपले तेच कळत नाही. ओळ उजवीकडून डावीकडे जाते, अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात आणि वरखालचे ठिपके नेमके कोणाचे, हेही उमगत नाही. त्यामुळे शिकायला बसलेली बहुतेक माणसे आधी आकारांच्या मागे लागतात. मराठी माणसाने मात्र सुरुवात कानाने आणि जिभेने करावी, असे माझे ठाम मत आहे. या बाबतीत त्याची अर्धी तयारी शाळेतच होऊन गेलेली असते. क-ख-ग-घ पासून प-फ-ब-भ-म पर्यंत जाताना आपण घशातून निघून ओठांवर येतो आणि कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य हे शब्द आपल्याला परके नसतात.

आठव्या शतकात इराकमधल्या बसरा शहरात अल-खलील इब्न अहमद अल-फराहीदी नावाचा विद्वान होता. अरबी छंदशास्त्राचा पाया त्याने घातला. अरबीतला पहिला शब्दकोश मानला जाणारा 'किताब अल-ऐन' हाही त्याच्याच नावावर आहे. या कोशात त्याने अक्षरे अलिफपासून लावली नाहीत. ध्वनी तोंडात कुठे उमटतो ते पाहून लावली. घशातले ऐन सर्वांत आधी, मग पुढे सरकत टाळू आणि दात, नंतर ओठांवरचे फ, ब, म आणि स्वरांचे काम करणारी अक्षरे सर्वांत शेवटी. आपल्या वर्णमालेशी असलेले हे साम्य पाहून काही अभ्यासकांनी भारतीय प्रभावाची शक्यता सुचवली. ठोस पुरावा मात्र मिळालेला नाही. खलीलचा शिष्य सीबवैह हा मूळचा इराणी. त्याने अरबी ध्वनींची १६ स्थाने नोंदवली आणि आपल्या घोष-अघोषाशी बराच जुळणारा भेदही सांगितला. कुराण पठणाच्या शास्त्रात, म्हणजे तजवीदमध्ये, आजही विद्यार्थ्याला आधी ही स्थाने शिकवतात.

अक्षरे २८. त्यांतली ब, म, न, ल, श, स यांना काही करावे लागत नाही. त आणि द दातांवरचेच आहेत, र कंप पावणारा आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्याला जिथे जीभ वळवावी लागते तिथे आपण आरामात असतो. ट-ठ-ड-ढ हा वर्ग अरबीत नाही, ख-घ-थ-ध सारखे महाप्राण नाहीत, प आणि च नाहीत. म्हणून 'पाकिस्तान' अरबीत 'बाकिस्तान' होतो.

अवघड भाग घशाचा. हा नावाची दोन अक्षरे आहेत. एक आपल्या ह सारखे, हलके. दुसरे घशाचा मधला भाग आवळून काढायचे; चष्म्याच्या काचेवर वाफ सोडताना जसा कोरडा श्वास येतो तसा तो घासत बाहेर येतो. हा दुसरा हा जमला की ऐनची वाट सापडते, कारण ऐन म्हणजे त्याचेच घोष रूप. घसा तसाच आवळलेला ठेवायचा आणि श्वासाऐवजी आवाज सोडायचा. अनेक पुस्तके ऐनचे वर्णन गूढ शब्दांत करतात आणि शिकणाऱ्याला घाबरवून सोडतात; अघोषाचा घोष करा एवढे सांगितले तरी मराठी विद्यार्थ्याला दिशा मिळते. मराठीने हा ध्वनी स्वीकारला नाही, पण त्याच्या खुणा राहिल्या. रयत आणि तालुका या शब्दांत मूळचा ऐन होता, तो गळून गेला. शाहीर या शब्दात मात्र त्याच्या जागी ह आला. जड काफ, म्हणजे आपण नुक्ता देऊन 'क़' लिहितो तो, जिभेचे मूळ पडजिभेला टेकवून काढायचा. तो सैल सोडला तर 'क़ल्ब' म्हणजे हृदय या शब्दाचा 'कल्ब' म्हणजे कुत्रा होतो.

यानंतर येतात चार जड ध्वनी: साद, दाद, जड ता आणि जड ज़ा. जिभेचे टोक साध्या स, द, त यांच्या जवळपासच राहते, पण जिभेची मागची बाजू वर उचलली जाते आणि शेजारचा 'आ' ऑ कडे झुकतो. खरे तर हा शेजारचा स्वर ऐकूनच कानाला फरक कळतो. 'तीन' म्हणजे अंजीर. तोच शब्द जड ता ने म्हटला की चिखल. 'सैफ' म्हणजे तलवार. साद लावला की उन्हाळा. शब्दांच्या अशा जोड्या रोज मोठ्याने म्हणाव्यात आणि शक्य असेल तर जाणकाराला ऐकवाव्यात.

थोडीफार उर्दू येणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावे. उर्दूने अरबी अक्षरे जशीच्या तशी ठेवली, उच्चार मात्र एक केले. सीन, साद आणि तीन ठिपक्यांचे 'सा' या तिघांचा उर्दूत एकच स होतो, आणि ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय या चौघांचा एकच ज़. अरबीत हे सात ध्वनी सात आहेत. तीन ठिपक्यांच्या अक्षरात जिभेचे टोक दातांच्या फटीत येते. तो ना आपला थ, ना आपला स. म्हणूनच शब्द देवनागरीत लिहून पाठ करण्याची सवय लवकर सोडावी, कारण देवनागरी हे सगळे भेद पुसून टाकते. या लेखात माझीही तीच अडचण होते आहे.

आता हात. वरून अवघड दिसणारी ही लिपी आतून फार काटकसरी आहे. 'बैत' म्हणजे घर हा शब्द लिहून पाहा. उजवीकडून सुरुवात करून ओळीवर एक छोटा दात काढा, लगेच दुसरा, आणि शेवटी एक उथळ, पसरट वळण. हात उचलायचा नाही. हा झाला सांगाडा. आता ठिपके: पहिल्या दाताखाली एक, तो बा, दुसऱ्याखाली दोन, ती या, वळणावर दोन, तो ता. झाला 'बैत'. मधल्या दाताखालचे दोन ठिपके काढून वर एकच दिला की या जाऊन नून येते आणि शब्द होतो 'बिन्त', म्हणजे मुलगी. पहिल्या दोन दातांच्या ठिपक्यांची अदलाबदल केली की 'नबत', म्हणजे उगवले. रेघ तीच, शब्द तीन. हा खेळ एकदा हाताने खेळला की ठिपक्यांची भीती जाते.

सुरुवातीच्या काळात बहुतेक ठिपके देतच नसत. वाचणारा संदर्भाने ओळखत असे. तरी ठिपक्यांची चाल जुनीच. हिजरी २२, म्हणजे इसवी सन ६४३ च्या एका पपायरसवर काही अक्षरांना ते दिलेले दिसतात. इस्लाम दूरवर पसरला, अरबी मातृभाषा नसलेले लोक कुराण वाचू लागले, तेव्हा चुकीचे वाचन टाळण्याची गरज तीव्र झाली. बसऱ्याच्या अबुल अस्वद अद्-दुअलीने ऱ्हस्व स्वरांसाठी रंगीत ठिपके सुरू केले असे परंपरा सांगते. आज ज्या खुणा वापरतात त्यांचे श्रेय खलीललाच देतात: वरची तिरकी रेघ 'अ', खालची तिरकी रेघ 'इ', वरचा छोटा वाव 'उ', आणि द्वित्तासाठी शद्दा. शद्दा क्षुल्लक समजू नये. 'दरस' म्हणजे तो शिकला. र वर शद्दा आली की 'दर्रस', त्याने शिकवले.

प्रत्येक अक्षराची चार रूपे असतात, सुटे, सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे, हे ऐकून नवखा माणूस २८ गुणिले चार असा हिशेब मांडतो. बहुतेक ठिकाणी मात्र शेपूट तेवढी कापली जाते. खरोखर रूप बदलतात ते ऐन, ग़ैन, काफ आणि हलका हा. या चौघांना वेगळा वेळ द्यावा. अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय आणि वाव ही सहा अक्षरे मागच्याला जुळतात, पुढच्याला जुळत नाहीत. म्हणून 'किताब' लिहिताना काफ, ता आणि अलिफ एकत्र येतात आणि बा एकटा उरतो. दाल ओळीवर बसतो, रा ओळीखाली उतरतो. वहीत ओळ आखलेली असावी ती यासाठी.

दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक़्ला याने अक्षरांना माप दिले. बोरूचे टोक एकदा टेकवले की शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका उमटतो. अलिफची उंची अशा ठिपक्यांत मोजायची आणि बाकी अक्षरे त्या प्रमाणात बसवायची. सुलेखन शिकणारे आजही असेच मोजतात. नवख्याने आधी पुस्तकी नस्ख वळण गिरवावे. पुढे रुक़आ हे रोजच्या हाताचे वळण ओळखायला शिकावे, कारण त्यात दोन ठिपक्यांची एक छोटी आडवी रेघ होते आणि सीनचे तीन दात सपाट होतात. छापील अरबी वाचणारा माणूस दुकानदाराच्या हातच्या चिठ्ठीपाशी अडतो तो इथेच.

आकड्यांना अरब 'हिंदी आकडे' म्हणतात. ते मात्र डावीकडून उजवीकडेच लिहितात. कैरोच्या बाजारात किंवा आखाती देशांतल्या गाड्यांच्या पाट्यांवर मराठी डोळा एका ठिकाणी हमखास फसतो: आपल्या शून्यासारखे दिसते ते तिथे पाच, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका.

एवढे झाले तरी वर्तमानपत्र लगेच वाचता येत नाही. ऱ्हस्व स्वरांच्या खुणा कुराणात आणि मुलांच्या पुस्तकांत असतात, एरवी जवळजवळ नसतातच. अरबी वाचक त्या मनाने भरतो, कारण शब्द धातूंतून घडतात. क-त-ब या तीन व्यंजनांत लिहिण्याचा अर्थ आहे. त्यांपासून किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतब म्हणजे कचेरी, मकतबा म्हणजे ग्रंथालय. साचे ओळखीचे झाले की न लिहिलेला स्वर आपोआप ऐकू येतो. विद्यार्थ्यांच्या हाती हमखास दिसणारा हान्स वेरचा कोशही याच पद्धतीने लावलेला आहे. तो प्रथम १९५२ मध्ये जर्मनीत निघाला आणि १९६१ मध्ये इंग्रजीत आला. त्यात मकतबा हा शब्द म मध्ये शोधून सापडणार नाही, क-त-ब खाली पाहावा लागतो. म्हणून कोश विकत घेण्याआधी निदान पन्नास शब्दांचे धातू हाताने सुटे करून पाहावेत.