रहस्यकथा आणि क्रियापदाचे लिंग

ब्रिटिश रहस्यकथेचा आनंद हा विलंबाने उलगडण्याचा आनंद होय. दूरचित्रवाणीवर केवळ हातमोजा वा सावली दाखवून गुन्हेगाराची ओळख झाकता येते. कादंबरीत ते काम भाषेस करावे लागते. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द ए.बी.सी. मर्डर्स’मध्ये (१९३६) पॉयरोकडे ‘ए.बी.सी.’ अशा सहीची पत्रे येतात. इंग्रजी पत्रातील ‘मी’ स्त्री की पुरुष, हे क्रियापद सांगत नाही. बंगळुरात कानी पडणारी कन्नडही ‘नानु होदे’ म्हणून तटस्थ राहते. मराठीत मात्र ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताच अर्धे रहस्य फुटते. तथापि ‘मी सुरा उचलला’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद सुऱ्याचे लिंग घेते. उचलणारा हात झाकलेलाच राहतो. वाचकाचा आनंद राखायचा तर अनुवादकाने आडोसा शोधावा तो या व्याकरणातच.