सभेचा परवाना : हक्क की मेहेरबानी?

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यास डॉ. आंबेडकरांनी प्रचंड जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. आज मैदानावर सभा घ्यायची, तर पोलिसांचा परवाना व ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी लागते. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांना पंधरा दिवसांपर्यंत सभाबंदी करता येते. गडचिरोलीत तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. पंधरवडा असा गेला, तर मजुराने दराविषयी बोलावे कधी?

परंतु परवाना ही मेहेरबानी नव्हे. हिंमतलाल शहा खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की रस्त्यावरील सभेचे नियमन करता येते. ती अधिकाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर सोडता येत नाही. म्हणून अर्ज वेळेत द्यावा, पोच घ्यावी आणि नकार मिळाल्यास तो कारणांसह लेखी मागावा.