डिसेंबरातली पुळण, डिसेंबरातलं गाव

दहावीच्या भूगोलात पहिलाच धडा ‘क्षेत्रभेट’. त्यात नळदुर्गची मुलं बसने अलिबागला येतात. धड्यामुळे म्हणा की नाताळच्या सुट्टीमुळे, डिसेंबर-जानेवारीत कोकणात अभ्याससहलींची रीघ लागते. मुलं पुळण मोजतात, जवळच्या गावात प्रश्नावल्या भरून घेतात आणि अहवाल लिहितात. त्यात दोन वाक्यं हमखास सापडतात : ‘पुळण रुंद व सुस्थितीत आहे’ आणि ‘गावाची आर्थिक स्थिती समाधानकारक आहे’. दोन्ही खोटी नाहीत. फक्त ती डिसेंबरची आहेत.

पुळण म्हणजे कायमची जमीन, हा पहिला गैरसमज. जून ते सप्टेंबर उंच, खवळलेल्या लाटा पुळणीची वाळू ओढून पाण्याखाली नेतात आणि तिथे तिचे दांडे तयार होतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागतो आणि तीच वाळू हळूहळू परत येते. मे अखेरीस पुळण सर्वांत भरलेली असते. म्हणून ऑगस्टचा फोटो दाखवून ‘किनारा खचला’ म्हणणंही अर्धवटच. एकाच रेषेवर मे आणि सप्टेंबरमध्ये, काही वर्षं सलग मोजल्याशिवाय खरी झीज कोणती आणि दरवर्षीची ये-जा कोणती, हे कळत नाही.

‘मोबाइल असताना काठ्या कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो. मोबाइलमधलं जीपीएस उघड्यावरही काही मीटर चुकतं, उंचीत तर जास्तच. इथे मोजायचा असतो सेंटीमीटरांचा उतार. के. ओ. एमरी या शास्त्रज्ञाने 1961 मध्ये मांडलेली रीत अजून चालते. सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्यायच्या, वरून खाली सेंटीमीटरच्या खुणा करायच्या आणि ठरावीक अंतरावर उभ्या धरायच्या. जमिनीकडच्या काठीमागे उभं राहून समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेला लावायचं. ही नजरेची रेषा आपल्याजवळच्या काठीला वरून जितक्या सेंटीमीटरवर छेदते, तितका उतार. मग दोघांनी पुढे सरकायचं. कोकणात क्षितिज समोरच असतं, ते फुकट मिळतं. काठी वाळूत रुतू द्यायची नाही, एवढंच पथ्य. नेमकं तेच कुणी पाळत नाही.

मोजणी ओहोटीला करायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कोणत्या दिवशी, किती वाजता? जुना हिशेब सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. उधाणाला पाणी सर्वांत मागे जातं, म्हणून कुणी हौसेने पौर्णिमा निवडतो आणि नाश्ता उरकून अकराला किनाऱ्यावर पोचतो. पंधरा पाऊण सव्वा अकरा! समोर पूर्ण भरती. पौर्णिमेची ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी मिळते. दुपारी हवी असेल तर अष्टमीची, पण ती भांगाची, पाणी फार मागे सरत नाही. बस ठरवण्याआधी पंचांग उघडावं ते यासाठी.

वाळू कुठल्या दिशेला सरकते ते बघायला मुलं संत्र्याची साल पाण्यात टाकतात आणि दहा मीटर जायला लागणारा वेळ मोजतात. पद्धत ठीक आहे. पण ती त्या तासाचा प्रवाह सांगते, वर्षाचा नव्हे.

आता गाव. इथेही तोच घोळ, फक्त वाळूच्या जागी माणसं. रॉबर्ट चेंबर्स यांनी 1983 च्या पुस्तकात ग्रामीण दारिद्र्य पाहायला जाणाऱ्यांचे दोष दाखवले. त्यांतले दोन आपल्याला चपखल बसतात : डांबरी रस्ता सोडून आत न जाणं, आणि कोरड्या ऋतूतच जाणं. कोकणातलं गाव वाड्यावाड्यांत विखुरलेलं. रस्त्यालगतची वीस घरं म्हणजे गाव नव्हे. वाड्यांची यादी करून प्रत्येक वाडीतून चिठ्ठ्या टाकून घरं निवडावीत. सकाळी अकराला कोण भेटतं, याचाही विचार हवा. बायका रानात असतात, पुरुष होडीवर. यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते ती 1 जून ते 31 जुलै, आणि तेव्हा सहली नसतात.

‘पक्कं घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी’ हा समज तर फारच घट्ट. जांभ्याच्या चिऱ्यांचं, मंगलोरी कौलांचं घर वरून भक्कम दिसतं. आत दोन म्हातारी माणसं, मुलगा मुंबईला. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जातिनिहाय गणनेत ग्रामीण वंचिततेचे सात निकष होते. कच्च्या भिंती व कच्च्या छपराची एकच खोली, हा त्यांतला फक्त एक. घरात 16 ते 59 वयाचं माणूसच नसणं, हाही स्वतंत्र निकष होता. अंतराचंही तसंच. इंग्लंडच्या 2019 च्या वंचितता निर्देशांकात डॉक्टर, प्राथमिक शाळा, दुकान आणि टपाल कार्यालय यांचं रस्त्याने अंतर धरलं आहे. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर खाडीकाठच्या गावात कुचकामी ठरतं. पलीकडचा दवाखाना डोळ्यांना दिसतो, पण अलीकडून तिकडे जाणारी होडीच बंद पडते.

प्रश्नावलीत ‘कर्ज आहे का?’ विचारलं की ‘नाही’ येतं. म्हणून आम्ही पडवीत रांगोळीने बारा चौकोन आखून, चिंचोके देऊन, कोणत्या महिन्यात किती उधारी ते मांडायला सांगतो. एकदा एका आजींनी मार्गशीर्षाच्या चौकोनात एक चिंचोका ठेवला. ज्येष्ठ-आषाढात मुठी रिकाम्या केल्या, आणि म्हणाल्या, “बाळांनो, आता भात घरात आहे, म्हणून चहा पाजत्ये. आषाढात या, म्हणजे खरं काय ते कळेल.”