मासळीच्या नोंदी: सरासरी काढण्याआधी

मासळी उतरल्याच्या नोंदींची फाइल संगणकात उघडली, म्हणजे ती नीट उघडली असे नव्हे. हिशेबाला हात घालण्याआधी तिच्यावरून पाच-दहा मिनिटे नजर फिरवावी लागते. समजा, सिंधुदुर्ग किनाऱ्याच्या तक्त्यात बंदर, तारीख, मासळी आणि वजन असे चार रकाने आहेत.

आधी ओळी आणि रकाने मोजून मूळ फाइलीशी ताडून पाहायचे. मग वरच्या आणि खालच्या चार-सहा ओळी वाचायच्या. खालच्या ओळींकडे सहसा कोणी बघत नाही, आणि ‘एकूण’ची ओळ तर तिथेच दडलेली असते. ती तशीच राहिली की जिल्ह्याची मासळी कागदावर दुप्पट!

वजनाचा रकाना संगणकाने आकडे म्हणून वाचला की मजकूर म्हणून, हे त्यानंतर. सरकारी सवयीने एखाद्या ठिकाणी ‘निरंक’ लिहिलेले असले, तरी पांडाज किंवा आर यांसारखी आकडेवारी हाताळणारी साधने सबंध रकाना मजकूर समजतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली नावे तर वाचताच येत नाहीत. वेगवेगळ्या नावांची यादी काढली की ‘बांगडा’, ‘बांगडे’ आणि शेवटी मोकळी जागा राहिलेला ‘बांगडा ’ हे तीन मासे होऊन बसलेले दिसतात. बंदरांच्या रकान्यात कणकवली आली, तर रकाना सरकला आहे. जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी समुद्र फक्त देवगड, मालवण आणि वेंगुर्ल्याला आहे.

वजनात सरासरीपेक्षा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा जास्त बोलका. किलोच्या रकान्यात टनाचा आकडा शिरला, की तो तिथेच सापडतो.

तारखांची पारख मात्र किनारा ठाऊक असलेल्यालाच जमते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तरी जुलैत ट्रॉलरची सुरमई दिसली, तर 07/11 ही 7 नोव्हेंबरची तारीख अमेरिकी पद्धतीने 11 जुलै वाचली गेली असण्याची शक्यता मोठी. 13 तारखेपासून पुढे अशी उलटापालट होत नाही, कारण तेरावा महिना नाही. म्हणून चूक अर्धवट राहते आणि लवकर लक्षात येत नाही. उलट, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नसल्याने जूनमधली प्रत्येक नोंद खोटी ठरवून चालत नाही. रिकामा चौकोनही शून्य नव्हे: मासळी मिळाली नाही आणि नोंद झाली नाही, या दोन वेगळ्या गोष्टी.

संशयित ओळी पुसायच्या नाहीत. त्यांच्यापुढे वेगळ्या रकान्यात खूण करायची आणि मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची.