स्लॅबवर पत्रा

पनवेलच्या जुन्या गावठाणात किंवा करंजाडे, सुकापूर, नेरे या बाजूंना घरांच्या माथ्याकडे पाहिले, की एक दृश्य हटकून दिसते. खाली काँक्रीटचा सपाट स्लॅब, त्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि सांगाड्यावर निळे नाहीतर हिरवे पत्रे. घरमालक याला ‘शेड’ म्हणतो. गळतीसाठी केलेली सोय, एवढीच त्याची नोंद. खरे तर पावसाळ्यात घर राखते ते हेच छप्पर. खालचा स्लॅब वरच्या मजल्याची नुसती तक्तपोशी होऊन राहतो. आधी स्लॅबचा खर्च, मग वॉटरप्रूफिंगचा, ते हरले की पत्र्याचा. एका घराला दोन छपरे लागत असतील, तर पहिले चुकले असे म्हणायला हवे. एक-दोन मजली स्वतंत्र घर पनवेलमध्ये बांधायचे असेल, तर उतरते छप्पर नकाशातच असावे. दहा वर्षांनी शरण जाऊन चढवण्याची ती वस्तू नव्हे.

याचे कारण हिशेबात आहे. पनवेल परिसरात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. १०० चौरस मीटर माथ्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. म्हणजे एका मोसमात तीन लाख लिटर, आणि १०० मिलिमीटरच्या एका दिवसात दहा हजार लिटर. सोलापूर-धाराशिवकडच्या माळवदाच्या घरांना याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतक्याच पावसाला तोंड द्यावे लागते. तिथे मातीचे सपाट छप्पर शहाणपणाचे होते, उन्हाळ्यात घर गार ठेवणारे होते. कोकणाने ते कधी उचलले नाही. सिमेंट आले तेव्हा मात्र आपण तेच सपाट छप्पर वेगळ्या मालात घेऊन आलो आणि त्याला ‘पक्के घर’ हे नाव दिले.

सपाट आणि उतरते यांतला भेद दिसण्यापुरता नाही. स्लॅब पाणी अडवतो, उतरते छप्पर पाण्याला थांबूच देत नाही. कौल हे मुळात जलरोधक नसते, भाजलेली माती पाणी पितेच. पण वरचे कौल खालच्यावर माशाच्या खवल्यांसारखे चढलेले असते, आणि आत झिरपायला वेळ मिळण्याआधी पाणी वळचणीला पोचते. मंगलोरी कौलांना त्यासाठी साधारण ३० अंशांचा उतार देतात, म्हणजे दहा फुटांच्या आडव्या अंतराला पावणेसहा फूट उंची. गच्चीचा ढाळ शंभराला एक धरला, तर त्याच दहा फुटांत तो जेमतेम सव्वा इंच भरतो. आणि तोही कोबा घालणाऱ्याचा हात नीट चालला तर.

उतरत्या छपराची रचना समजायला अवघड नाही. सर्वांत वर आढे. आढ्यापासून दोन्ही अंगांनी भिंतींवर उतरणारे वासे. वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर कौले. रिपांमधले अंतर कौलाच्या मापाने ठरते. ते चुकले तर कौल कौलावर पुरेसे चढत नाही आणि वाऱ्याचा पाऊस आत येतो. वाशांची ओढ पाय फाकण्याकडे असते, त्यामुळे ते भिंती बाहेर ढकलतात. हा रेटा खालचा आडवा दांडा धरून ठेवतो; वासे आणि हा दांडा मिळून होणारा त्रिकोण म्हणजे कैची. दुपाखी, म्हणजे दोन उतारांच्या, छपरात दोन टोकांना त्रिकोणी भिंती उघड्या राहतात. चौपाखीत चारही बाजूंना वळचण येते, म्हणून नैर्ऋत्येकडून आडवा मारणाऱ्या पावसात चौपाखी सरस. वळचण दोन-अडीच फूट पुढे काढली की भिंतीही कोरड्या राहतात. गच्चीच्या कठड्याला हे काम जमत नाही. दोन पाखे आत मिळतात त्या खाचेत गळतीची भीती असते, म्हणून छपराचा आकार जितका साधा तितका बरा. बंगल्यांच्या जाहिरातींत दिसणारी पाच-सहा शिखरांची छपरे फोटोत छान दिसतात, एवढेच. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात काढला. एकमेकांत अडकणाऱ्या खाचांमुळे या कौलांनी सुट्या नळीच्या कौलांना मागे टाकले आणि दर वर्षी कौले चाळण्याचे काम पुष्कळ कमी केले.

स्लॅब का गळतो? ऊन-पावसाने तो प्रसरण-आकुंचन पावतो, केसासारख्या भेगा पडतात. तळाशी सळईखालचे कव्हर ब्लॉक नीट लावले नसतील, किंवा भरल्यानंतर सात-दहा दिवस पाणी मारण्यात कुचराई झाली असेल, तर पाणी सळईपर्यंत पोचते. गंज लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि खालचे काँक्रीट पापुद्र्यांनी सुटते. गळतीवर उपाय म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा (ब्रिकबॅट) कोबा चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास ओझे वाढवतो. मंगलोरी कौले रिपांसकट साठ-पासष्ट किलोंत भागतात. उतरता स्लॅब ओतून त्यावर शोभेला कौले चिकटवण्याची नवी पद्धत निघाली आहे. पाणी साचत नाही हा तिचा फायदा. पण उतारावर ओतलेले काँक्रीट खाली ओघळते, नीट दाबले जात नाही, आणि वजन तर दोन्हींचे.

उतरत्या छपरावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वाऱ्याचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडवले. स्लॅबची घरे उभी राहिली. हे खरे आहे, आणि कौलारू घराच्या प्रेमाने ते लपवू नये. पण वारा हलक्या छपराला वरून दाबण्यापेक्षा खालून आणि कडेने उचलतो, आणि ३० अंशांच्या आसपासच्या पाख्यावर हा ओढा कमी उताराच्या पत्र्यापेक्षा कमी असतो. म्हणजे गच्चीवरची जवळजवळ आडवी शेड वादळात अधिक धोक्याची. वळचणीजवळची आणि आढ्याजवळची कौले तारेने बांधणे, कैची भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने जखडणे, पत्रा असेल तर कडेला हुक कमी अंतरांवर लावणे, हा उपाय आहे. पाहिजे तर न्हाणीघर आणि एक खोली स्लॅबखाली घ्यावी; वादळात आसरा राहतो, वर पाण्याची टाकीही बसते.

पापड-कुरडया, मिरच्या वाळवायला गच्ची हवी, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यासाठी अख्खे घर सपाट करावे हे नाही. सौर पॅनेलचा प्रश्न तर उलट सोपा आहे: पनवेल १९ अंश अक्षांशावर असल्याने पॅनेल दक्षिणेकडे साधारण तेवढेच कलते लागते, आणि दक्षिणेचा पाखा त्याला हा कल आयता देतो, थोडा जास्तच. सागवान परवडत नाही, तर लोखंडी चौकोनी पाइपांची कैची चालते. मात्र वर्षाआड रंग द्यायला हवा. उंच इमारतींना हे काही लागू नाही. तिथे लिफ्टची खोली आणि टाक्या माथ्यावरच लागतात, आणि गळतीचा खर्च सोसायटीत वाटला जातो.

उरतो पुढच्या मजल्याचा मुद्दा. मुलगा मोठा झाला की वर बांधू, म्हणून स्लॅब टाकतात आणि खांबांच्या सळ्या वर मोकळ्या सोडतात. त्या कितीएक पावसाळे गंजत उभ्या असतात, आणि बांधायची वेळ येते तेव्हा गंजलेला भाग कापावा लागतो. बोल्टने जोडलेली कैची मात्र उतरवता येते. मजला चढला की तीच कैची, तीच कौले वर जातात. नकाशा काढतानाच पाया आणि खांब त्या मजल्याच्या भाराचे धरायचे. सळ्यांची टोके काँक्रीटने झाकून वर छप्पर ठेवायचे.